दुनळीचा वेग, दुनळीचा दाब : जुन्या ब्रिटिश काडतुसांच्या मर्यादांचा आढावा

लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी १९०० च्या आगेमागे घडवलेल्या दुनळी रायफली आजही चालत्या आहेत. काही आफ्रिकेत शिकारीला जातात, काही मैदानावर निशाणाच्या कागदापुढे उभ्या राहतात आणि बऱ्याचशा लिलावांतून एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातात. ज्या काडतुसांसाठी त्या घडल्या ती मात्र राहिली नाहीत. कॉर्डाइट ही दारू शिकारी काडतुसांतून केव्हाच गेली, आणि या रायफलींना काडतुसे पुरवणाऱ्या किनॉक या मोठ्या उत्पादकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपला हा विभाग गुंडाळला. तेव्हापासून मालक, कारागीर, काडतुसे बनवणाऱ्या कंपन्या आणि सरकारमान्य चाचणीघरे एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत : आजच्या साहित्याने भरलेल्या काडतुसाचा वेग किती ठेवावा आणि दाब कुठवर जाऊ द्यावा?

वरवर हा एकच प्रश्न दिसतो. प्रत्यक्षात त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. जुन्या तक्त्यांतल्या आकड्यांचा अर्थ काय, हा पहिला. समोरची विशिष्ट रायफल कोणत्या भरणीसाठी बनली होती, हा दुसरा. आणि नवी दारू व नव्या गोळ्या त्या रायफलीत कशा वागतात, हा तिसरा. मतभेदांपैकी पुष्कळसे एकाने पहिल्याचे उत्तर देणे आणि दुसऱ्याने ते तिसऱ्याचे समजणे यातून झाले आहेत. या आढाव्यात म्हणूनच तिन्ही वेगळे ठेवले आहेत.

काळ्या दारूकडून कॉर्डाइटकडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जेम्स पर्डी यांनी हलकी गोळी आणि भरपूर दारू असे समीकरण मांडून वेगवान रायफली बनवल्या. त्यांना आगगाडीवरून 'एक्सप्रेस' हे नाव पडले आणि पुढे तो एक वर्गच झाला. काळी दारू जागा फार खाते, म्हणून या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या लांबलचक असत. सव्वातीन इंच लांबीच्या '४५०' एक्सप्रेस काडतुसात १२० ग्रेनच्या आसपास काळी दारू मावे. (नावातला आकडा नळीचा इंचातला व्यास सांगतो. बोलताना त्याचे दशांशचिन्ह गळते. ४५० म्हणजे ०.४५० इंच.) गोळीच्या वजनाप्रमाणे वेग सेकंदाला १६०० ते १९०० फुटांच्या टप्प्यात असे. दाब बेताचा राही, त्यामुळे नळ्या पातळ आणि रायफल हलकी ठेवता येई.

१८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट सिद्ध केले. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांचे हे मिश्रण. पहिल्या प्रकारात नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ टक्के आणि पेट्रोलियम जेली ५ टक्के असे. जुने काडतूस उघडले तर आत भुकटी सापडत नाही. पुंगळीच्या लांबीइतक्या तपकिरी काड्यांची जुडी निघते, बांधून ठेवलेल्या शेवयांसारखी, आणि तिच्या माथ्यावर पुठ्ठ्याची चकती. थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा हा कॉर्डाइटचा गुण. जास्त उष्णतेने जळून नळी झिजवणे हा त्याचा दोष, आणि त्यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलेला सुधारित प्रकार निघाला.

१८९८ मध्ये जॉन रिग्बी अँड कंपनीने '४५० नायट्रो एक्सप्रेस' ('नायट्रो' म्हणजे कॉर्डाइटसारखी नवी दारू) बाजारात आणले : ७० ग्रेन कॉर्डाइट, ४८० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २१५० फूट. पाच हजार फूट-पौंडांच्या जवळ जाणारी ही ऊर्जा खांद्यावर पेलेल अशा वजनाच्या रायफलीतून मिळू लागली, आणि हत्ती-गव्यांच्या शिकारीचे गणित बदलले. नंतरच्या बहुतेक मोठ्या काडतुसांचा वेग २१५० च्याच आसपास राहिला. ४७० नायट्रो एक्सप्रेसची ५०० ग्रेनची गोळी आणि ५०० नायट्रो एक्सप्रेसची ५७० ग्रेनची गोळी, दोन्हींचा तक्त्यातला वेग २१५०. जेफरी या बंदूककारांच्या ६०० नायट्रो एक्सप्रेसची ९०० ग्रेनची गोळी १२० ग्रेन कॉर्डाइटवर १९५० पर्यंत जाई.

आजच्या वादाचे एक मूळ इथेच आहे. रिग्बींनी नवे काडतूस बेतले ते जुन्या सव्वातीन इंची काळ्या दारूच्या पुंगळीवर. म्हणजे बाहेरून जवळजवळ सारखी दिसणारी दोन काडतुसे, एक काळ्या दारूचे आणि एक कॉर्डाइटचे, एकाच मापाच्या नळीत बसू शकतात. आतला दाब मात्र कितीतरी वेगळा. दोघांच्या मधोमध तिसराही वर्ग तयार झाला. काळ्या दारूच्या रायफलींसाठी कॉर्डाइटची हलकी भरणी निघाली. वेग आणि दाब जुन्याच पातळीवर ठेवायचा, धूर आणि काजळी तेवढी टाळायची. जिम कॉर्बेट १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे गेले तेव्हा त्यांच्या हातात ५०० ची 'मॉडिफाइड कॉर्डाइट' रायफल होती; ती याच मधल्या वर्गातली असावी, असे सामान्यतः मानले जाते. तेव्हा '५०० ची दुनळी' एवढ्या वर्णनावरून तिला काय सोसवेल हे कळत नाही. तीन वर्गांपैकी ती कोणत्या वर्गातली, हे आधी ठरवावे लागते.

उन्हाचा प्रश्न आणि कमी दाबाची परंपरा

नव्या काडतुसांचे कौतुक ओसरण्याआधीच तक्रारी सुरू झाल्या. कॉर्डाइट तापमानाला संवेदनशील. इंग्लंडच्या थंडीत सरळ वागणारे काडतूस हिंदुस्थानच्या किंवा आफ्रिकेच्या उन्हात जास्त दाब देई. दाब वाढला की पितळी पुंगळी नळीच्या भिंतीला घट्ट चिकटे आणि रायफल उघडली तरी बाहेर येईना. दुनळीत पुंगळी ओढून काढण्याची ताकद बोल्टच्या रायफलीएवढी नसते. जखमी जनावर समोर आणि पुंगळी अडकलेली, ही शिकाऱ्याची सगळ्यात मोठी धास्ती.

त्यावर धंद्याने दिलेली उत्तरे बोलकी आहेत. काडतुसे बनवणाऱ्या ईली कंपनीने १९०३ च्या सुमारास ४५० नंबर २ हे साडेतीन इंची काडतूस काढले. गोळी तीच, वेगही जवळपास तोच, पण पुंगळी मोठी केल्याने दाब उतरला. जेफरीने ४५०/४०० साठी (म्हणजे ४५० ची पुंगळी तोंडाशी ४०० च्या गोळीपुरती आवळलेले काडतूस) तीन इंची पुंगळी काढून तिची मान आखूड आणि कड जाड केली. काही उत्पादक उष्ण प्रदेशासाठी दारू थोडी कमी करून वेगळी काडतुसे भरत. १९११ मध्ये रिग्बींनी बोल्ट रायफलीसाठी ४१६ काढले, तेव्हाही प्रशस्त पुंगळी आणि माफक दाब हेच सूत्र ठेवले.

याच काळात सरकारी निर्णयाने चक्र आणखी फिरवले. ४५० मापाच्याच जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींमध्ये या काडतुसांचा किंवा गोळ्यांचा वापर होईल, या भीतीने १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदानमध्ये ४५० च्या शिकारी रायफलींवर बंदी आली. हिंदुस्थानची बाजारपेठ एवढी मोठी होती की ब्रिटिश कारागिरांना पर्याय शोधावेच लागले. ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशी एकमेकांच्या शेजारची मापे या बंदीतून पुढे आली. ४५० नायट्रो एक्सप्रेसचा दाब तक्त्यांत चौरस इंचाला १७ टन दिलेला आहे, तर ४७० चा १४ टन. म्हणजे बंदीमुळे बदललेल्या मापांबरोबर काही ठिकाणी दाबाची पातळीही खाली आली. जॉन टेलर यांच्या १९४८ च्या 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस' या ग्रंथात उष्ण प्रदेशात कमी दाबाचे काडतूस बरे, हा विचार ठळकपणे येतो. कमी दाब हा या घराण्याचा योगायोगाने आलेला गुण नव्हे. तो जाणूनबुजून ठेवलेला आहे, यावर आज कुणाचे दुमत नाही.

टन म्हणजे नेमके काय

मतभेद सुरू होतात ते या टनांपाशी. ब्रिटिश टन २२४० पौंडांचा. त्या हिशेबाने १४ टन म्हणजे चौरस इंचाला ३१,३६० पौंड आणि १७ टन म्हणजे ३८,०८०. एवढे गणित करून अनेक जण थांबतात. अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे.

जुन्या ब्रिटिश पद्धतीत दाब पुंगळीच्या बुडाशी मोजत. काडतुसाला तेल लावत, म्हणजे ते नळीच्या भिंतीला धरून राहू नये आणि मागे रेटले जावे. बुडामागे तांब्याचा छोटा दंडगोल ठेवलेला असे. गोळी सुटल्यावर तो किती चेपला यावरून दाब काढत. इतर देशांत, आणि पुढे जगभरच, नळीच्या बाजूला भोक पाडून दाब मोजण्याची रीत रुळली. आता तिथे तांब्याऐवजी दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा पिझो संवेदक असतो. तांब्याला चेपायला वेळ लागतो, त्यामुळे क्षणिक शिखर त्याच्या हातून निसटते. संवेदक ते टिपतो. एकाच काडतुसाचा बुडाशी मोजलेला आकडा साधारणपणे बाजूच्या आकड्यापेक्षा कमी भरतो. किती कमी, हे पुंगळीचा आकार, दारू आणि तेलाचा हात यांवर ठरते. सगळ्या काडतुसांना लागू पडेल असा एकच गुणक नाही.

याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. जुन्या १४ टनांचे सरळ पौंडांत रूपांतर करून त्याला आजच्या संवेदकाची मर्यादा मानली, तर मूळ काडतूसच त्या मर्यादेबाहेर पडण्याची शक्यता असते. उलट आजच्या तक्त्यात मोठा आकडा दिसला म्हणून 'नव्या काळात मर्यादा वाढवली' असा निष्कर्ष काढणेही चूक. फरकाचा काही भाग केवळ मोजण्याचा असतो.

आणखी एक गोष्ट आकड्यांच्या आड राहते. रायफलीच्या सांध्यावर येणारा भार दाबावर जसा, तसा पुंगळीच्या बुडाच्या क्षेत्रफळावरही ठरतो. चौरस इंचाला १४ टन दाब अर्धा इंच व्यासाच्या वर्तुळावर आला, तर मागे रेटणारे बल पावणेतीन टन होते. व्यास ०.६ इंच झाला तर तेच बल चार टनांच्या घरात जाते. दुनळी मध्ये मोडून उघडते. हे बल तिच्या बिजागरीला ओढते आणि नळ्यांच्या मागे उभी असलेली पोलादी भिंत वाकवू पाहते. जाड मापांच्या काडतुसांचा दाब कमी का ठेवला, याचे निम्मे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

नळीच्या बुडाचे शिक्के

विशिष्ट रायफल काय सोसेल, याचा लेखी पुरावा तिच्याच अंगावर असतो. दुनळी उघडून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या आणि उलट्या धरल्या, की मागच्या टोकाच्या सपाट भागावर बारीक अक्षरे दिसतात. लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराची मुद्रा, 'नायट्रो प्रूफ' ही नोंद, काडतुसाचे माप, आणि अनेक रायफलींवर कॉर्डाइटचे व गोळीचे कमाल वजन ग्रेनमध्ये. ही चाचणी ब्रिटनमध्ये कायद्याने बंधनकारक आहे. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस डागून, नळी तपासून, मगच शिक्का बसतो.

शिक्क्यांची भाषा काळाप्रमाणे बदलली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले शिक्के दारूचे आणि गोळीचे वजन सांगतात. १९५४ च्या नियमांनंतरचे शिक्के वापराचा दाब टनांत सांगतात. ब्रिटन १९८० मध्ये सीआयपी या आंतरराष्ट्रीय मंडळात सामील झाल्यावर बार हे एकक आले. या मंडळाच्या नियमांत रायफलीच्या चाचणीचे काडतूस कमाल सरासरी दाबापेक्षा २५ टक्के चढे असते.

शिक्का वाचताना दोन सावधगिऱ्या सगळेच सांगतात. एक, शिक्का त्या दिवशीच्या स्थितीला लागू असतो. नंतर नळीत गंज चढला, ती आतून घासली गेली किंवा तिच्यातली काडतूस बसण्याची जागा खोल केली गेली, तर जुन्या शिक्क्याचा आधार उरत नाही. दोन, '७० ग्रेन कॉर्डाइट' ही नोंद कॉर्डाइटचीच आहे. तोच आकडा दुसऱ्या दारूला लावण्यात काही अर्थ नाही, आणि तसे करणे धोक्याचे ठरू शकते.

दोन नळ्या, एक नेम

दुनळीत वेगाचा प्रश्न दाबापेक्षाही आधी का येतो, हे तिच्या बनावटीत आहे. दोन्ही नळ्या समांतर नसतात. तोंडाकडे किंचित जवळ आणून डाक दिलेल्या असतात. उजवी नळी डागली की रायफल मागे येते, वर उचलते आणि थोडी उजवीकडे वळते. डावी डागली की डावीकडे. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत हे वळणे चालू असते. कारागीर तेवढा हिशेब आधीच धरून नळ्या आतल्या बाजूला झुकवतो. मैदानावर गोळ्या झाडायच्या, तोंडाशी डाक तापवून मधली पाचर इकडेतिकडे सरकवायची, पुन्हा झाडायच्या, असे करत दोन्ही नळ्यांचे नेम ५० ते १०० यार्डांच्या दरम्यान ठरलेल्या अंतरावर जुळवले जातात. याला 'रेग्युलेशन' म्हणतात. ज्या भरणीवर ते झाले ती पुष्कळदा रायफलीच्या पेटीतल्या चिठ्ठीवर किंवा कंपनीच्या वहीत नोंदलेली सापडते.

भरणी बदलली की हा हिशेब मोडतो. गोळी जास्त वेगाने निघाली तर नळीला वळायला वेळ कमी मिळतो आणि दोन्ही नळ्यांच्या खुणा एकमेकींना ओलांडतात : उजवीची खूण डावीकडे, डावीची उजवीकडे. गोळी संथ निघाली तर खुणा एकमेकींपासून लांब पडतात आणि वरही जातात. म्हणून निशाणाचा कागद हा एक प्रकारचा वेगमापकच ठरतो. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ सहज मिळू लागण्याआधी कित्येक मालक याच कागदाच्या भरवशावर भरणी ठरवत.

तीन प्रमुख भूमिका

आजच्या चर्चेत ढोबळपणे तीन भूमिका दिसतात.

पहिली भूमिका मूळ वेगाची. रायफल ज्या गोळीवर आणि वेगावर जुळवली तीच गोळी, तोच वेग गाठा. नेम जुळला की भरणी बरोबर. ग्रॅम राइट यांच्या 'शूटिंग द ब्रिटिश डबल रायफल' या पुस्तकाने रेग्युलेशनकडे पद्धतशीरपणे पाहण्याची ही वाट अनेकांना दाखवली. हिचे बळ असे की ती प्रत्येक रायफलीला स्वतंत्र मानते आणि कारागिराच्या हेतूशी प्रामाणिक राहते. तिच्यावरचा आक्षेप असा की वेग हा दाबाचा अप्रत्यक्ष साक्षीदार आहे. दोन वेगळ्या दारूंनी तोच वेग गाठता येतो, पण एकीचे दाबाचे शिखर उंच आणि दुसरीचे बसके असू शकते. सावकाश जळणारी दारू जास्त लागते. ४७० च्या ७५ ग्रेन कॉर्डाइटच्या जागी अशी दारू शंभर ग्रेनांच्या पुढे जाते. तोंडातून बाहेर पडणाऱ्या वायूचे वजन वाढले की झटकाही वाढतो, आणि तोच वेग असूनही नेम सरकतो. म्हणजे नेमाचा कागद फक्त वेग मोजत नाही. झटकाही त्यात मिसळलेला असतो.

दुसरी भूमिका संयमाची. शंभर वर्षांच्या नळीला तक्त्यातला पूर्ण वेग कशाला, असा तिचा प्रश्न. जुने तक्ते ज्या चाचणी-नळ्यांवर बेतले त्या विकल्या जाणाऱ्या अनेक रायफलींपेक्षा लांब होत्या, याकडे हे लोक लक्ष वेधतात. २४ ते २६ इंची नळीत मूळ काडतूसही २१५० गाठत नसावे. मग २०५० च्या आसपास थांबणे हेच मुळाशी जास्त इमानी, असा त्यांचा युक्तिवाद. भरीव गोळीचा भेद एवढ्या वेगाने विशेष घटत नाही, असेही ते सांगतात. आक्षेप असा की वेग फार उतरवला तर नेम फाकतो. मग दुनळी असण्याचा मुख्य फायदाच जातो. शिवाय मोठ्या पुंगळीत थोडी दारू ठेवल्याने वेगळे धोके निर्माण होतात. त्यांचा विचार पुढे येतो.

तिसरी भूमिका मोजमापाची. अंदाज सोडा, दाब संवेदकाने मोजा आणि सीआयपीच्या मर्यादेत राहा. कारखान्यात भरलेली नवी काडतुसे याच चौकटीत येतात. १९८९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कंपनीने ४७० भरायला घेतले. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये किनॉक हे नाव परवान्याने पुन्हा सुरू झाले आणि नव्या काडतुसांचा वेग जुन्या रेग्युलेशनशी जुळता ठेवण्याचा दावा करू लागले. पुढे हॉर्नाडीसारख्या मोठ्या कंपन्याही आल्या. या भूमिकेवरचा आक्षेप तांत्रिक आहे : मर्यादा काडतुसाच्या नावाला लागू होते, रायफलीच्या वयाला नाही. तीच ४५०/४०० ची काडतुसे अमेरिकेत रूगरच्या भक्कम एकनळी रायफलीतही चालली. त्या रायफलीला सहज झेपणारी मर्यादा १९०५ च्या एखाद्या हलक्या दुनळीलाही तितकीच सोयीची असेल, असे नाही.

या तिन्हींचे समर्थक एकमेकांचे म्हणणे पूर्ण फेटाळत नाहीत. मूळ वेगाचे पुरस्कर्ते मोजमापाची गरज मान्य करतात, मोजमापवाले नेमाचा कागद सोडत नाहीत. वाद आहे तो अंतिम शब्द कुणाचा, यावर.

गोळी बदलली, प्रश्न बदलला

वेग आणि दाब यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत गोळीच्या रचनेचा मुद्दा आला. मूळ गोळ्या शिशाच्या गाभ्यावर पातळ धातूचे कवच चढवलेल्या असत. नळीतल्या आट्यांत शिरताना त्या दबून जात. आज सलग तांब्याच्या किंवा पितळेच्या गोळ्या मिळतात. त्या आत खोल शिरतात, वाकत नाहीत. पण नळीतही सहज दबत नाहीत. पातळ नळ्यांच्या जुन्या रायफलींत अशा गोळ्यांनी आट्यांचे ठसे नळीच्या बाहेरच्या अंगावर उमटल्याची उदाहरणे सांगितली जातात. प्रकाश तिरका पाडला की लांबट पीळदार रेषा दिसतात. असे ठसे जुन्या, पोलादी कवचाच्या गोळ्यांनीही पडत असल्याचे सांगणारे आहेत. त्यांच्या मते दोष नळीच्या पातळपणाचा आणि पोलादाचा. दुसऱ्या बाजूच्या मते कारण काहीही असो, शतकभर जुन्या नळीवर प्रयोग नको. ऑस्ट्रेलियातल्या वुडली कंपनीने पारंपरिक आकाराच्या आणि वजनाच्या गोळ्या पुन्हा बाजारात आणल्यामुळे या दुसऱ्या पक्षाला व्यावहारिक पर्याय मिळाला. सलग गोळ्यांच्या उत्पादकांनीही अंगावर चऱ्या पाडून नळीशी घर्षण कमी करण्याचा मार्ग काढला.

त्यात मापांचा घोळ आहेच. जुन्या कारागिरांच्या नळ्या एकाच नावाखाली सारख्या व्यासाच्या असतीलच असे नाही. ४७५ नंबर २ आणि जेफरीची ४७५ नंबर २ यांची नावे सारखी, पण गोळ्यांचे व्यास वेगळे. घट्ट नळीत जाड गोळी गेली की दाब अनपेक्षित चढतो, आणि तो वेगाच्या आकड्यात पुरेसा दिसत नाही. म्हणून नळीत मऊ शिसे ठोकून खरा व्यास मोजण्यावर तिन्ही पक्षांचे एकमत आहे.

मोठी पुंगळी, रिकामी जागा

आजच्या मध्यम वेगाने जळणाऱ्या दारूचा दाणा थोडक्यात काम करतो, त्यामुळे कॉर्डाइटसाठी बेतलेल्या लांब पुंगळीत पोकळी उरते. रायफलीचे तोंड खाली झुकले तर दारू पुढे सरकते, वर असेल तर मागे राहते, आणि ठिणगीपासूनच्या अंतराप्रमाणे जळणे बदलते. त्यावर दोन मार्ग : सावकाश जळणाऱ्या दारूने पुंगळी भरून टाकायची, किंवा कमी दारूवर फोमची अथवा तंतूंची भर घालून ती मागे दाबून ठेवायची.

पहिल्या मार्गात दारूची जागा बदलत नाही, पण झटका वाढतो. दुसऱ्यात झटका जुन्या कॉर्डाइटच्या जवळ राहतो. मात्र दारू आणि गोळी यांच्या मध्ये सैल भर असेल तर ती गोळीच्या बुडावर आदळून नळीत कडे उमटवते, असा इशारा काही अनुभवी मंडळी देतात. भर जागा पूर्ण व्यापत असेल तर तसे होत नाही, असे दुसरे सांगतात. सावकाश दारू फारच कमी भरली असता कधी कधी अचानक प्रचंड दाब उसळतो, हा आणखी एक जुना इशारा. अशा घटनांच्या नोंदी आहेत. प्रयोगशाळेत हुकमी घडवून त्यांचे कारण निर्विवादपणे दाखवता आलेले नाही.

भारतातला धागा

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात उरला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. संस्थानिकांच्या आणि जुन्या घराण्यांच्या रायफली संग्रहांत, परवान्यांवर वारसाहक्काने किंवा वस्तुसंग्रहालयांत राहिल्या. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहातही शिकारीचा हा काळ पाहायला मिळतो. अशा रायफली चालवण्याचे प्रसंग विरळ आहेत. तरी विक्री, वारसा किंवा परदेशातल्या लिलावाच्या वेळी तोच प्रश्न समोर येतो : ही काळ्या दारूची की नायट्रोची? उत्तरासाठी शिक्के वाचता येणे आणि ते झिजू न देणे महत्त्वाचे. हौसेने घासूनपुसून चकचकीत केलेल्या नळ्यांवर हा पुरावाच पुसट होतो. दुसरा धोका जुन्या साठ्याचा. दशकानुदशके उष्ण हवेत पडून असलेल्या कॉर्डाइटची रासायनिक स्थिती बाहेरून कळत नाही, आणि पेटीवर छापलेला वेग त्याला लागू राहील याची हमी कुणी देत नाही.

चर्चा कुठे आली

शंभराहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत काही मुद्दे मिटले आहेत. ही काडतुसे कमी दाबाची म्हणूनच आखली गेली. जुने टन आणि आजचे बार यांच्यात सरळ पूल नाही. काळ्या दारूची रायफल आणि नायट्रोची रायफल यांच्यातली रेघ ओलांडायची नाही. गोळीचे मूळ वजन आणि रेग्युलेशनचा वेग हा सुरुवातीचा बिंदू, आणि त्याही आधी नळीचे शिक्के, नळीचा खरा व्यास व जाणकाराची तपासणी.

न मिटलेले मुद्देही तेवढेच ठळक आहेत. जुनी बुडाची मोजणी आणि नवी बाजूची मोजणी यांची एकेका काडतुसागणिक तुलना पुरेशा प्रमाणात जुळवली गेलेली नाही. मूळ कॉर्डाइटचा चांगल्या स्थितीतला साठा आटत चालल्याने ती दिवसेंदिवस अवघड होत आहे. सलग गोळ्यांचा नळीवरचा ताण दीर्घकाळात काय करतो, याचे उत्तर अजून बरेचसे वैयक्तिक अनुभवांवर उभे आहे. भर घालण्याच्या पद्धतींचे तेच. जुन्या पोलादाचा थकवा हजारो झटक्यांनंतर किती, हे रायफल न तोडता सांगण्याची सर्वमान्य रीत नाही, आणि लाखमोलाची रायफल तोडून पाहायला मालक तयार होत नाहीत.

यामुळे व्यवहारात मर्यादा काडतुसाच्या नावावरून ठरवण्याची सवय हळूहळू मागे पडत आहे. तिच्या जागी एकेका रायफलीची वेगळी मर्यादा मानण्याकडे तिन्ही भूमिका सरकत आहेत : शिक्का सांगेल ती वरची हद्द, नेमाचा कागद सांगेल तो वेग, आणि जिथे शक्य तिथे दाबाची प्रत्यक्ष मोजणी. या तिघांनी वेगवेगळी उत्तरे दिली, तर त्यांतले सर्वांत खालचे धरावे. एवढ्या एका नियमावर आज बहुतेकांचे जमते.